पावसाळ्यानंतर विरळ झालेली हिरवळ पुन्हा दाट करताना : बेळगाव परिसरासाठी मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील घरांपुढची हिरवळ सप्टेंबरअखेर दुरून गच्च दिसते. परंतु पाऊस ओसरून ऊन पडू लागल्यावर जवळ बसून हाताने गवत बाजूला केले, की त्या हिरव्या रंगात हरळी हे हिरवळीचे गवत किती आणि लव्हाळा, एकदांडी, आंबुशी, केना ही तणे किती, हे स्पष्ट दिसते. नोव्हेंबरमध्ये पावसाळी तण वाळू लागते आणि त्याखालची उघडी माती पहिल्यांदा नजरेस पडते. तोपर्यंत दुरुस्तीचा हंगाम हातचा गेलेला असतो. म्हणून हे काम दसऱ्याच्या आसपास सुरू करून दिवाळीपर्यंत संपवावे. ज्यांनी हे पूर्वी कधी केलेले नाही, त्यांच्यासाठी ते क्रमाने पुढे मांडले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. शरद ऋतूत हिरवळीची दुरुस्ती करावी, असे सांगणारी बरीचशी माहिती थंड देशांतील असते आणि ती फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास, रायग्रास अशा गवतांसाठी असते. ही गवते थंड हवेत जोमाने वाढतात, त्यामुळे तिकडे शरदात पेरलेल्या बियांपुढे वाढीचा उत्तम काळ असतो. आपल्याकडची हरळी, मेक्सिकन किंवा बफेलो ही गवते उष्ण हवेची आहेत. त्यांना २५ ते ३५ अंश तापमान मानवते, आणि रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खाली जाऊ लागले की त्यांची वाढ मंदावते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री येथे गारठा असतो. म्हणजे आपल्यासाठी शरद हा वाढीच्या हंगामाचा शेवटचा टप्पा आहे. हस्ताचा पाऊस संपल्यापासून थंडी पडेपर्यंत जे सहा-सात आठवडे मिळतात, तेवढ्यातच नवीन लावलेल्या गवताने मूळ धरले पाहिजे. बी पेरायचे असल्यास ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आणि काड्यांची किंवा तयार गवताच्या तुकड्यांची लावणी करायची असल्यास नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काम उरकावे. त्यापेक्षा उशीर झाला, तर केवळ तण काढून जमीन तयार ठेवावी आणि लावणी फेब्रुवारीअखेर करावी.

आधी मोजणी, मग निर्णय

हिरवळीत मूळचे गवत किती शिल्लक आहे, हे अंदाजाने ठरवू नये. जाड तारेची एक फूट बाय एक फूट चौकट करावी आणि ती हिरवळीवर वेगवेगळ्या पंधरा-वीस ठिकाणी टाकून प्रत्येक वेळी चौकटीत गवत, तण आणि उघडी माती यांचे प्रमाण किती आहे, ते वहीत लिहावे. सरासरीने निम्म्याहून अधिक भाग मूळच्या गवताचा असेल, तर दुरुस्ती नक्की साधते. तो तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी असेल, तर सगळे खणून नव्याने लावणे श्रमाच्या आणि पैशाच्या दृष्टीने सोपे पडते. या दोहोंच्या मधली स्थिती असल्यास मी दुरुस्तीच्या बाजूने कौल देतो, कारण हरळीची जमिनीखालची खोडे दिसतात त्यापेक्षा बरीच जास्त पसरलेली असतात आणि अडथळा दूर होताच ती स्वतःहून जागा भरून काढतात.

यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे : गवत विरळ का झाले? तण हे मोकळ्या जागेत येते, आणि जागा मोकळी होण्यामागे काही कारण असते. ते कारण तसेच ठेवून कितीही खत घातले आणि कितीही मजूर लावून तण उपटले, तरी पुढच्या श्रावणात तीच हिरवळ पुन्हा पाहावी लागते. आपल्या भागात मला वारंवार आढळणारी कारणे चार आहेत.

पहिले कारण सावली. हरळीला दिवसातून किमान सहा तास थेट ऊन लागते, मेक्सिकनला चार-पाच तास पुरतात आणि बफेलो तीन-चार तासांवर तग धरते. टिळकवाडी किंवा कॅम्पसारख्या जुन्या वस्त्यांत आंबा, फणस यांची झाडे वाढत गेली आणि त्यांच्याखालची हरळी वर्षागणिक मागे सरत गेली, असे अनेक अंगणांत दिसते. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता सावली कोठवर येते, ते चुन्याने आखून पाहावे. झाडाच्या खालच्या फांद्या विरळ करून ऊन मिळत असेल, तर पावसाळा संपल्यावर त्या छाटाव्यात. अन्यथा तेवढ्या भागात हिरवळीचा हट्ट सोडून सावलीत वाढणारी शोभेची झाडे लावावीत.

दुसरे कारण साचणारे पाणी. एक फूट खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, जिरू द्यावा आणि पुन्हा भरून वेळ मोजावी. चार-पाच तासांत पाणी उतरले नाही, तर निचरा अपुरा आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील जांभ्या-तांबड्या जमिनीत हा प्रश्न सहसा उताराने सुटतो. घरापासून बाहेरच्या दिशेने दर १० फुटांमागे दोन इंच उतार ठेवला, तर पाणी थांबत नाही. चिकोडी, अथणी, बैलहोंगल या बाजूंच्या काळ्या जमिनीत मात्र माती फुगून पाणी धरून ठेवते, आणि म्हणून तेथे कडेने चर काढणे हाच खात्रीचा उपाय ठरतो. काळ्या मातीत थोडीशी वाळू मिसळून ती मोकळी होईल, ही समजूत चुकीची आहे. थोड्या वाळूने ती आणखी घट्ट बसते. तिला कुजलेले सेंद्रिय खत दरवर्षी थोडे थोडे द्यावे लागते.

तिसरे कारण दबलेली जमीन. ज्या बाजूला दुचाकी लावली जाते किंवा लग्नकार्यात मंडप पडतो, तेथे ओल असताना लांब पात्याचा स्क्रूड्रायव्हर मातीत दाबून पाहावा. हाताच्या साध्या जोराने तो चार इंच आत जात नसेल, तर मुळांनाही तेथे वाट मिळत नाही.

चौथे कारण हुमणी, म्हणजे जमिनीत राहून मुळे खाणारी अळी. आपला जिल्हा उसाचा असल्यामुळे हुमणी येथील शेतकऱ्यांना चांगली माहीत आहे, परंतु ती अंगणातील हिरवळही खाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पिवळ्या पडलेल्या भागातील गवत मुठीत धरून हलके ओढावे. ते सतरंजीसारखे अलगद उचलले गेले आणि खाली मुळेच दिसली नाहीत, तर हुमणीची शक्यता मोठी आहे. तेथे एक चौरस फुटाचा तुकडा तीन बाजूंनी कापून उलटावा आणि तीन-चार इंच माती चाळून पाहावी. इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या वळलेल्या, पांढऱ्या अंगाच्या आणि तपकिरी डोक्याच्या अळ्या एका चौरस फुटात पाच-सहा किंवा अधिक सापडल्या, तर आधी त्यांचा बंदोबस्त करावा. कमी असल्यास त्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे पुरते. जास्त असल्यास मेटारायझियम ही जैविक बुरशी कुजलेल्या खतात मिसळून ओल्या जमिनीत द्यावी. ती सावकाश काम करते, त्यामुळे आठ दिवसांत फरक दिसला नाही म्हणून तीव्र कीटकनाशकाकडे वळू नये.

मातीचा नमुना तपासून घेणेही याच वेळी उरकावे. हिरवळीतील आठ-दहा ठिकाणांहून वरची चार ते सहा इंच माती घेऊन एकत्र करावी, सावलीत वाळवून त्यातील अर्धा किलो पिशवीत भरावी आणि ती कोठे तपासून मिळेल, याची चौकशी कृषी खात्याच्या जवळच्या रयत संपर्क केंद्रात करावी. पावसाने धुपलेल्या तांबड्या जमिनीत आम्लता वाढलेली असू शकते. सामू (पीएच) ५.५ पेक्षा कमी आला, तरच शेतीचा चुना १,००० चौरस फुटांना २० किलोपर्यंत द्यावा. काळ्या जमिनीला चुना घालू नये, कारण तिच्यात तो बहुधा आधीच भरपूर असतो.

तण काढणे

तण काढण्यासाठी जमीन वाफशावर असावी. मूठभर माती दाबली असता गोळा व्हावा आणि अंगठ्याने टोचताच तो फुटावा, ही वाफशाची साधी परीक्षा आहे. चिखलात काम केल्यास जमीन आणखी दबते आणि कोरड्या जमिनीत मुळे तुटून आत राहतात. तांबड्या जमिनीत पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांत वाफसा येतो, काळ्या जमिनीत चार-पाच दिवस थांबावे लागते.

एकदांडी, टाकळा, कुर्डू, दुधी ही तणे खुरप्याने मुळासकट सहज निघतात. ती बी धरण्यापूर्वी काढणे एवढेच पथ्य आहे. लाजाळूचे सोटमूळ खोल जाते, म्हणून ती ओढू नये, मुळाशी खुरपे खोल घालून उचलावी. गाजरगवत काढताना हातमोजे अवश्य घालावेत, कारण त्याने अनेकांच्या कातडीवर पुरळ येते. आणि ते फुलावर आलेले असल्यास पोत्यात भरून बाहेर न्यावे, खतखड्ड्यात टाकू नये. आंबुशी दिसायला नाजूक असली, तरी तिची दोरीसारखी खोडे ठिकठिकाणी मुळे धरतात. तिचा माग काढत शेवटच्या टोकापर्यंत जावे लागते.

लव्हाळ्याबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण नवख्या माणसाचा धीर येथेच सुटतो. दिसायला तो गवतच वाटतो. त्याचा फुलाचा दांडा दोन बोटांत धरून फिरवला, की तीन कडा हाताला लागतात. गवताचा दांडा गोल किंवा चपटा असतो. खुरपे खोल घालून एक रोप मातीच्या ढेपेसकट उचलावे आणि माती हळूहळू झाडून पाहावी. बारीक काळसर तंतूला हरभऱ्याएवढी एक गाठ, तिच्यापुढे तंतू, पुन्हा गाठ, अशी माळ दिसते. गाठ नखाने फोडली, की आतून पांढरी निघते आणि उटण्याची आठवण यावी असा वास येतो. उटण्यात पडणारा नागरमोथा याच कुळातला आहे. नुसते वरचे पान उपटले, तर त्या माळेतल्या गाठी जमिनीतच राहतात आणि आठ-दहा दिवसांत तेथून पुन्हा पाने येतात. यंत्राने किंवा कुदळीने जमीन वर-खाली केली, तर माळ तुटून एकेका गाठीचे स्वतंत्र रोप होते.

म्हणून लव्हाळ्याची दाट बेटे असतील, तर तेवढाच भाग आठ-नऊ इंच खोल खणून माती चाळणीतून काढावी, गाठी वेचून कडक उन्हात पूर्ण वाळवाव्यात आणि मगच टाकाव्यात. विखुरलेली रोपे असतील, तर दर पंधरा दिवसांनी न चुकता ती खोलवरून काढावीत, कारण दर वेळी नवीन पान फुटताना गाठीतील साठा खर्च होतो आणि नवीन गाठी धरण्यापूर्वीच रोप निघाले, तर ती माळ हळूहळू क्षीण होते. याला दोन हंगाम लागतात. बाजारात उसातील लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल हे तणनाशक मिळते, परंतु घरापुढच्या लहान हिरवळीसाठी मी हाताचेच काम सुचवतो. टू-फोर-डी हे तणनाशक फवारण्याचा मोह तर टाळावाच. त्याचा अंश वाऱ्याबरोबर शेजारच्या टोमॅटोवर किंवा द्राक्षवेलीवर गेला, तरी पाने वेडीवाकडी होतात. ग्लायफोसेटने तणाबरोबर हरळीही मरते, आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला आहे.

मजुरांकडून काम करून घेताना आधी अर्धा तास स्वतः बरोबर बसावे आणि कोणते ठेवायचे, कोणते काढायचे, ते प्रत्यक्ष उपटून दाखवावे. कन्नड बोलणाऱ्या बायका हरळीला गरिके म्हणतात. तो एक शब्द माहीत असला, तरी चुकून चांगले गवत निघून जाण्याचा धोका बराच कमी होतो. मेक्सिकनच्या हिरवळीत मात्र हरळी हेच तण असते, हेही तेव्हाच सांगून ठेवावे.

कापणी आणि जमीन मोकळी करणे

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होतेच. त्या निमित्ताने कापणीयंत्राचे पाते धार लावून घ्यावे, कारण बोथट पात्याने गवताची टोके फाटून पांढरी पडतात. तण काढल्यावर हरळी पाऊण इंचापर्यंत खाली कापावी. तिची खोडे जमिनीखालीही असल्यामुळे ती त्यातून सावरते. मेक्सिकनला इतके खाली कापू नये, ते सावकाश वाढणारे आहे आणि त्याचे तपकिरी डाग महिनोन्महिने राहतात. त्यानंतर दाताळ्याने दोन दिशांनी ओढून वाळलेल्या काड्यांचा थर काढावा. हा थर अर्ध्या इंचाहून जाड असेल, तर पाणी आणि खत वरच अडकून राहते.

दबलेल्या भागात चार दात्यांचा बागकामाचा काटा दर चार-सहा इंचांवर चार इंच खोल घालून किंचित मागे-पुढे हलवावा. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु दिलेल्या श्रमाच्या मानाने मला सर्वाधिक फळ यानेच दिले आहे.

खताचा थर

आता कुजलेले शेणखत आणि चाळलेली माती समभाग मिसळून पाव इंचाचा थर पसरायचा आहे. १,००० चौरस फुटांना सुमारे २० घनफूट, म्हणजे ब्रासचा पाचवा हिस्सा किंवा चाळीस-पंचेचाळीस घमेली मिश्रण लागते. ते पसरल्यावर दाताळ्याच्या उलट्या बाजूने सारखे करावे. गवताची टोके वर दिसत राहिली पाहिजेत.

खत विकत घेताना घाई करू नये. एका वर्षी मी खेड्यातून आलेले एक ट्रॉली शेणखत न तपासता पसरले. ते अर्धवट कुजलेले होते, आणि तीन आठवड्यांत ज्या अंगणात गाजरगवताचे नावही नव्हते, तेथे त्याची रोपे दाट उगवली. तेव्हापासून ट्रॉली उतरवून घेण्याआधी मी एक बुट्टीभर नमुना मागून घेतो, तो कुंडीत भरून पाणी घालतो आणि दहा दिवस उन्हात ठेवतो. त्यात जे उगवते, ते हिरवळीत उगवणार हे निश्चित. चांगले खत काळसर, भुसभुशीत असते, त्याला शेणाचा वास राहिलेला नसतो आणि ढिगाच्या पोटात हात घातला असता ते गरम लागत नाही. साखर कारखान्याची मळी, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, वापरायची असल्यास तीही दोन-तीन महिने कुजवलेली असावी. ताजी मळी तापते आणि मुळे भाजते. ढिगात पांढऱ्या अळ्या दिसल्या, तर त्या खतासह हिरवळीत जाणार नाहीत अशा बेताने आधी चाळून घ्यावे.

याच वेळी १,००० चौरस फुटांना अडीच किलो सिंगल सुपर फॉस्फेट द्यावे. युरिया मात्र आताच देऊ नये.

मोकळ्या जागा भरणे

गवत शक्यतो आहे त्याच जातीचे लावावे. दोन जाती मिसळल्या, तर रंग आणि वाढ दोन्ही वेगळी दिसतात. हरळीसाठी हिरवळीच्या कडेचा एक निरोगी, तणविरहित चौरस फूट उचलावा. त्याच्या काड्यांतून आठ-दहा चौरस फूट उघडी जागा लावून होते. दोन-तीन पेरी असलेली तीन-चार इंचांची काडी घेऊन तिचा दोन तृतीयांश भाग मातीत तिरपा दाबावा आणि टोक वर ठेवावे. दोन काड्यांत चार इंच अंतर असावे. काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवाव्यात आणि त्याच दिवशी लावाव्यात. संध्याकाळची वेळ उत्तम.

हरळीचे विकतचे बी पेरायचे असल्यास विरळ हिरवळीला १,००० चौरस फुटांमागे अर्धा किलो पुरते. बी फार बारीक असल्याने चौपट बारीक मातीत मिसळून उभे-आडवे पेरावे आणि वर बोटाच्या पेराएवढाही थर देऊ नये, नुसते दाबून घ्यावे. ते आठ ते चौदा दिवसांत उगवते. विकत आणलेले गवताचे गालिचे टाकताना त्यांच्या खालची माती आधी ओली करावी, सांधे एकमेकांना भिडवावेत आणि त्यांच्या मुळांत लव्हाळ्याच्या गाठी नाहीत ना, हे रोपवाटिकेतच एक गालिचा उलटून पाहावे.

पाणी, कापणी आणि खुराक

पहिले दोन आठवडे वरचा अर्धा इंच सतत ओला राहील, असे हलके पाणी दिवसातून दोन-तीनदा द्यावे. परतीचा पाऊस आला, तर अर्थातच थांबावे. काड्या हलके ओढल्यावर निघेनाशा झाल्या, की मुळे धरली असे समजून पाण्याच्या पाळ्या कमी कराव्यात आणि प्रत्येक पाळीचे प्रमाण वाढवावे. त्यानंतर आठवड्याला एक इंच पाणी पुरते. १,००० चौरस फुटांना हे सुमारे २,३६० लिटर होतात, आणि शहरात नळाचे पाणी जपून वापरावे लागते, म्हणून ते मोजूनच द्यावे. फवाऱ्याखाली एक रिकामा डबा ठेवून त्यात इंचभर पाणी साठायला किती वेळ लागतो, हे एकदा पाहून ठेवले, की पुढे अडचण येत नाही.

पहिली कापणी हरळी दोन इंच उंच झाल्यावर करावी आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. पुढे हरळी सव्वा ते दीड इंच, मेक्सिकन दीड ते दोन इंच आणि बफेलो अडीच ते तीन इंच ठेवावी. गवत जास्त खाली कापण्याची सवय हे तण वाढण्याचे मोठे कारण आहे, कारण त्यामुळे ऊन मातीपर्यंत पोहोचते आणि तिथे पडलेले बी उगवते.

लावणीनंतर तीन आठवड्यांनी १,००० चौरस फुटांना अर्धा किलो युरिया समान पसरून लगेच पाणी द्यावे. गवत कोरडे असतानाच तो टाकावा, ओल्या पानांवर दाणे चिकटल्यास पाने करपतात. त्यानंतर थंडीत कोणतेही रासायनिक खत देऊ नये. डिसेंबर-जानेवारीत हिरवळ थोडी फिकट होईल, ते स्वाभाविक आहे. युरियाचा दुसरा अर्धा किलो होळीनंतर, नवीन पालवी दिसू लागल्यावर द्यावा.

लव्हाळ्याची पंधरवड्याची फेरी मात्र या काळातही चालू ठेवावी आणि तारेची चौकट जपून ठेवावी. मार्चमध्ये त्याच पंधरा-वीस जागांवर ती पुन्हा टाकून आकडे जुन्या वहीत लिहिल्यास कोणत्या कोपऱ्याला अजून काम हवे, ते दिसते. मे-जूनमध्ये वळवाचा पहिला मोठा पाऊस झाल्यानंतर चार-पाच संध्याकाळी अंगणातील किंवा जवळच्या कडुनिंबावर, बाभळीवर बॅटरीच्या उजेडात पाहावे. हुमणीचे भुंगेरे तेव्हा मोठ्या संख्येने पाला खायला जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडावेत, वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. मादी अंडी घालायला हिरवळीत उतरण्यापूर्वीच हे काम झाले पाहिजे.